मशीनवर गाडी धुतली तर रंग जातो का? पहिली गाडी घेतलेल्यांसाठी

आमची गाडी गडद निळी आहे. घेताना सगळे सांगत होते, पांढरी घे, धूळ दिसत नाही. ऐकलं नाही. दीड वर्षानं एका रात्री पार्किंगमध्ये पडलेली किल्ली शोधायला मोबाईलचा टॉर्च लावला आणि उजेड बॉनेटवर पडला. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक रेघांची गोल गोल जाळी दिसली, कोळ्यानं विणल्यासारखी. शेजारचे काका बघून म्हणाले, "मशीनवर धुतली असणार. ते ब्रश रंग खातात." मलाही पटलं. मग घरी येऊन हिशेब मांडला. दीड वर्षात गाडी मशीनवर गेली होती दोनदा. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा मात्र रोज सकाळी सहाला तिच्यावर फडका मारत होता. म्हणजे साधारण पाचशे वेळा.

ओळखीत कुणी पहिली गाडी घेतली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, म्हणून आता सगळं एकदाच क्रमानं लिहितोय. उत्तराची घाई असेल त्यांच्यासाठी: हो, मशीननं ओरखडे पडू शकतात. पण ओरखडा पाडतो तो धुळीचा कण. तो कण मशीनच्या ब्रशनं घासला, सेंटरवरच्या पोराच्या स्पंजनं घासला की तुम्ही प्रेमानं बनियनच्या तुकड्यानं घासला, रंगाला सारखंच. त्यामुळे गाडी कुठंही धुवा, विचारायचं एवढंच की हात किंवा ब्रश लागण्याआधी धूळ किती निघून गेली.

आधी रंग किती जाड असतो ते बघू

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर चार थर चढतात. पहिला गंज न लागण्यासाठीचा, सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीनं बसवलेला. त्यावर प्रायमर. मग खरा रंग, म्हणजे बेस कोट. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपण ज्याला चकाकी म्हणतो ती या शेवटच्या थराची. चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे गाडीचा सगळा रंग मिळून दोन केसांएवढा. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही बारीक.

आता धूळ. आपल्याकडे देशावर खडक काळा, म्हणजे बेसॉल्ट. बांधकामाला लागणारी क्रश सँड त्याच खडकाची, आणि पुण्या-मुंबईत बांधकाम चालू नाही अशी गल्ली दाखवा. खनिजांचा कडकपणा सांगणारी ‘मोह्स’ नावाची पट्टी असते, आकडा जास्त तितकी वस्तू कडक. बेसॉल्टमधली खनिजं तिच्यावर सहाच्या आसपास येतात, नदीच्या वाळूतला क्वार्ट्ज सातवर. काच साडेपाचच्या जवळपास. म्हणजे काचेवर ओरखडा काढू शकणारी वस्तू रोज रात्री तुमच्या बॉनेटवर येऊन बसते, आणि खाली असतो प्लास्टिकच्या जातीचा एक मऊ थर. कोरड्या फडक्यानं ती पुसणं म्हणजे अगदी बारीक पॉलिशपेपर फिरवणं. फडका कितीही मऊ असो.

पायरी पहिली: आजची स्थिती तपासा

गाडी धुऊन कोरडी झाल्यावर, सावलीत, मोबाईलचा टॉर्च बॉनेटपासून हातभर अंतरावर धरा. उजेडाभोवती गोल जाळी दिसली तर घाबरू नका, जुन्या गाड्यांपैकी जवळजवळ सगळ्यांवर ती असते. गंमत अशी की त्या रेघा गोल नसतातच. त्या वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना पसरलेल्या असतात. उजेडाच्या किरणाला आडव्या असलेल्या तेवढ्याच चमकतात, म्हणून ठिपक्याभोवती वर्तुळ झाल्यासारखं वाटतं. टॉर्च सरकवा, वर्तुळही सरकेल. असं झालं तर तो रोजच्या फडक्याचा, हाताच्या धुण्याचा पुरावा.

मशीनच्या ब्रशची खूण वेगळी असते. बाजूचे उभे ब्रश गोल फिरतात, त्यामुळे दारांवर आडव्या, लांब, एकमेकींना समांतर रेघा पडतात. वरचा आडवा ब्रश बॉनेटवर आणि टपावर पुढून मागे जाणाऱ्या रेघा सोडतो. माझ्या दारांवर तशी एकही नव्हती. काकांना टॉर्च मारून दाखवलं. ते म्हणाले, "असेल बाबा," आणि लिफ्टकडे गेले.

रेघेवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा क्लिअर कोटच्या वरवर आहे, पॉलिशनं जाऊ शकतो. अडकलं तर तो खोल आहे आणि बफिंगच्या, म्हणजे यंत्रानं पॉलिश करण्याच्या, आवाक्याबाहेर असण्याची शक्यता जास्त.

पायरी दुसरी: "मशीन" म्हणजे नक्की काय ते ओळखा

आपल्याकडे कशालाही मशीन वॉश म्हणतात. रँपवर गाडी चढवून, गननं पाणी मारून, फोम उडवून दोन पोरं हातानं घासतात, तेही "मशीन" आणि पेट्रोल पंपाशेजारची फिरती कमानही "मशीन". दोन्हींत धोका वेगवेगळ्या जागी आहे.

गन आणि फोमच्या सेंटरमध्ये यंत्र बिचारं निर्दोष असतं. फोमचं काम मळ सैल करणं आणि घासताना निसरडेपणा देणं. फोम मारून तीन-पाच मिनिटं थांबायचं, तो वाळू द्यायचा नाही, मग हात न लावता जोरात पाण्यानं काढून टाकायचा, आणि मगच पुन्हा शाम्पू घेऊन हात लावायचा. प्रत्यक्षात रविवारी रांग लागलेली असते. पोरगं फोम पडता पडताच मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) फिरवायला घेतं, तोच मिट मघाशी चाकावर फिरलेला असतो, आणि तो खाली जमिनीवर पडला तर उचलून थेट दारावर जातो. मी एका सेंटरवर हे डोळ्यांनी पाहिलंय, गाडी माझीच होती.

खरं ऑटोमॅटिक यंत्र तीन तऱ्हांचं. पहिल्यात गाडी उभी राहते आणि ब्रश लावलेली कमान तिच्यावरून पुढे-मागे जाते. आपल्याकडे भेटेल ते बहुधा हेच. दुसरा प्रकार बोगद्याचा: गाडी पट्ट्यावर सरकत जाते आणि ब्रश, फवारे, पंखे आपापल्या जागी असतात. तिसरा बिनस्पर्शाचा: ब्रशच नाही, फक्त दाबाचं पाणी आणि रसायन.

बिनस्पर्श ऐकायला सर्वांत सुरक्षित वाटतं, आणि ओरखड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण घासण्याचं काम कुणीतरी करायला हवं. इथं ते रसायन करतं, म्हणून ते कडक असतं, बरेचदा चांगलंच अल्कधर्मी. वॅक्स लावलं असेल तर ते लवकर उतरतं, आणि तरी काळसर चिकट थर थोडा राहतोच. चालेल. मला विचाराल तर गडद रंगाच्या गाडीला मी हेच निवडेन आणि वॅक्स पुन्हा लावेन.

ब्रशमध्येही फरक आहे. ब्रश वाईट ही समजूत जुन्या नायलॉनच्या ताठ केसांच्या ब्रशांमुळे झाली, आणि त्या काळी ती बरोबरच होती. आता चांगल्या यंत्रांना बंद छिद्रांच्या फोमच्या किंवा मऊ कापडाच्या पट्ट्या असतात. बंद छिद्रं म्हणजे पाणी आणि बारीक खडे आत शिरून बसत नाहीत. जर्मनीत बहुतेक ठिकाणी घरासमोर साबण लावून गाडी धुणं नियमात बसत नाही, कारण ते तेलकट पाणी जमिनीत मुरतं. त्यामुळे तिथं राहणारी आपली माणसंसुद्धा वर्षानुवर्षं यंत्रावरच गाड्या धुतात, हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठामुळे तर जास्तच. त्यांच्या गाड्यांचा रंग काही गळून पडलेला नाही. बारीक रेघा मात्र त्यांच्याही असतात.

पायरी तिसरी: आत घालण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे आणि हीच लोक गाळतात. गाडी बाहेर लावा, खाली उतरा, पुढच्या एका गाडीचं धुणं पूर्ण बघा.

ब्रश लागण्याआधी कुणी गननं पाणी मारतं का? मारत असेल तर चाकांच्या कमानी, दारांचा खालचा भाग आणि मागचा बंपर इथं मारतं का? सगळ्यात जाड चिखल तिथंच असतो. आधीचा फवारा नसेल, गाडी थेट ब्रशखाली जात असेल, तर परत फिरा. सोबत एखादी बाटली पाणी आहे म्हणून भागत नाही.

तुमच्या आधी काय धुतलं गेलं? शेतातून आलेली पिकअप, साइटवरची एसयूव्ही, चिखलानं भरलेली जीप. तो चिखल ब्रशच्या पट्ट्यांत थोडा तरी राहतो. अशा वेळी चहा घ्या, मध्ये दोन साध्या गाड्या जाऊ द्या. हे वेडेपणाचं दिसतं, मी करतो.

ब्रश हातात धरून बघायला मिळाला तर बघा. मऊ आणि ओला हवा. पट्ट्यांची टोकं फाटून कडक झाली असतील, केस वाकडे होऊन ताठ उभे असतील, तर नको. पाणी पुन्हा वापरतात का ते विचारा. पुन्हा वापरणं चुकीचं नाही, उलट मला आवडतं, पण शेवटचं धुणं ताज्या, गाळलेल्या पाण्यानं हवं. पाण्याला गटाराचा वास येत असेल तर गाळण चालू नाही.

आणि शेवटी, गाडी कोरडी कोण करतं? यंत्रावर जपून धुतलेली गाडी बाहेर आल्यावर एक माणूस खांद्यावरचं कापड काढतो आणि बॉनेट पुसतो. त्याच कापडानं त्यानं आधीच्या गाडीचे टायर पुसलेले असतात. माझ्या मते मशीनच्या नावावर खपणारे निम्मे ओरखडे या शेवटच्या दोन मिनिटांतले आहेत. उपाय सोपा आहे. त्याला सांगा, "दादा, पुसू नका, मी पुसतो," टीप द्या, आणि डिकीत ठेवलेला स्वतःचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल काढा.

पायरी चौथी: यंत्रात शिरण्याआधीची तयारी

बॉनेट तापलेलं असेल तर दहा मिनिटं थांबा. गरम पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग सोडतो. मग काचा पूर्ण वर, सनरूफ बंद, पेट्रोलचं झाकण लागलेलं, आरसे मिटलेले. फिरकीची अँटेना असेल तर काढून आत ठेवा. टपावर कॅरियर असेल तर ब्रशच्या यंत्रात जाऊच नका.

नव्या गाड्यांत तीन गोष्टी हमखास विसरतात. पाऊस ओळखून आपोआप चालू होणारे वायपर: ते बंद करा, नाहीतर ब्रश आणि वायपर एकमेकांत अडकतील. पाय हलवला की उघडणारी डिकी: पाण्याच्या फवाऱ्यानंही ती उघडू शकते, म्हणून ती सोय बंद करा. आणि बोगद्याचं यंत्र असेल तर गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक आणि ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) सोडलेला. काही इलेक्ट्रिक गाड्यांत वॉश मोड असतो, तो हे सगळं एकदम करतो. फिरत्या कमानीच्या यंत्रात उलटं: गाडी उभी, हँडब्रेक वर, इंजिन बंद. खात्री नसेल तर तिथल्या माणसाला विचारा, लाज वाटून घेऊ नका.

बाहेर आल्यावर थोडं अंतर हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, ओले असतात.

या गाड्या ब्रशखाली घालू नका

मॅट रंगाची गाडी. तिच्यावर ब्रशनं पडलेली खूण पॉलिशनं काढता येत नाही, कारण पॉलिश केलं की तेवढाच भाग चकाकतो. नुकतं डेंटिंग-पेंटिंग केलेली गाडी: कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजच्या बूथमध्ये ६०-७० अंशांवर, त्यामुळे तो पूर्ण कडक व्हायला वेळ घेतो. महिनाभर तिला साध्या पाण्यानं, हलक्या हातानं धुवा, वॅक्सही नको. विनाइल चिकटवलेली गाडी आणि कडा सुटलेली संरक्षक फिल्म. जुन्या गाडीचा क्लिअर कोट पापुद्र्यांसारखा उचलला असेल तर तीही, नाहीतर गनच्या दाबानं पापुद्रा हातभर निघून येतो.

गन कुणी मारत असेल तर नळी रंगापासून किमान फूटभर लांब. लाल तोंड, म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, गाडीसाठी नाहीच. हिरवं २५ अंशांचं, पांढरं ४० अंशांचं. पांढरं घ्या.

रोजच्या फडक्याचं काय करायचं

ही खरी अडचण, आणि यात यंत्र कुठंच नाही. मी सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या त्या मुलाशी बोललो.

"दादा, उद्यापासून गाडीवर फडका मारू नका. फक्त काचा आणि आरसे पुसा."

"आणि पैसे?"

"तेवढेच."

तो हसला. "साहेब, धूळ राहिली की मेंबर लोकच बोलतात. नाही पुसली तर थेट सेक्रेटरीकडं जातात."

त्याचं बरोबर होतं. एका बादलीत पंधरा-वीस गाड्या आम्हीच करायला लावतो. दहाव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ गारा झालेला असतो. आता आमची बोली अशी आहे: रोज फक्त काचा, आठवड्यातून एकदा त्यानं माझ्या बादलीत, माझ्या शाम्पूनं आणि माझ्या मिटनं धुवायची. त्याचं काम कमी झालं, पैसे तेच राहिले. मुलगाही खूश आहे.

धुळीची गाडी चालवायला लाज वाटत असेल तर ती सवयीनं जाते. जुन्या लोकांचा एक उपाय म्हणजे मेणाच्या धाग्यांचा डस्टर. तो फक्त एका दिवसाची पातळ धूळ असेल तर, जोर न देता, एकाच दिशेनं. पावसाच्या वाळलेल्या थेंबांवर तो कधीच फिरवू नका.

घरी धुणार असाल तर

मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलेलं ज्या शहरानं पाहिलं, तिथला माणूस नळी सोडून गाडी धुऊ शकत नाही. धुतली तरी आतून काहीतरी टोचतं. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानं मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर ५,००० रुपयांचा दंड लावला होता, तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. उघडी नळी मिनिटाला साधारण पंधरा लिटर सोडते. दहा मिनिटांत दीडशे लिटर. बादल्यांनी तेच काम पन्नास लिटरमध्ये होतं.

तीन बादल्या घ्या. सावली, सकाळ किंवा संध्याकाळ. पहिली बादली निव्वळ पाण्याची: मगानं टपापासून खाली पाणी सोडत या, हात लावू नका, मळ भिजू द्या. चाकं आधी वेगळ्या ब्रशनं उरका, त्यांचा ब्रश रंगाला कधीच लावायचा नाही. दुसऱ्या बादलीत गाडीचा शाम्पू. भांड्यांचा साबण वॅक्स काढून टाकतो, आणि कपड्यांची पावडर तर नकोच, तिचे न विरघळलेले दाणे स्वतःच घासतात. तिसऱ्या बादलीत साधं पाणी, फक्त मिट खळखळायला. हीच बादली लोक अनावश्यक समजतात. एक भाग धुतला की मिट आधी साध्या पाण्यात झटका, मग शाम्पूत बुडवा. शेवटी त्या बादलीच्या तळाशी साचलेली माती बघा, ती एरवी रंगावर फिरली असती.

हात सरळ रेषेत, पुढून मागे. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि दारांचा खालचा पट्टा सगळ्यात शेवटी. मिट जमिनीवर पडला की तो त्या दिवसापुरता बाद.

गाडीवर फक्त धूळ असेल, चिखल नसेल, तर नंतर पाण्यानं धुवावा न लागणारा, ‘रिन्सलेस’ शाम्पू मिळतो. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर टाकायचा, चार-पाच मायक्रोफायबर त्यात भिजवायचे, प्रत्येकाची घडी बदलत पुसत जायचं, मागोमाग कोरड्यानं टिपायचं. पाणी ओतावं लागत नाही. आमच्या टँकरवाल्या सोसायटीत मला हेच परवडतं.

बोअरचं पाणी असेल तर गाडी कधीही आपोआप वाळू देऊ नका. काळ्या खडकातलं पाणी जड, त्यातले क्षार थेंबाच्या आकाराचे पांढरे ठिपके सोडतात, आणि उन्हात ते ठिपके रंगात बसतात. ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून कापड भिजवा, ठिपक्यांवर दोन-तीन मिनिटं ठेवा, धुऊन टाका. लिंबू लोक चोळतात, चोळू नका.

कोटिंगवाल्यांचं ऐकताना

शोरूममध्ये "९एच" सिरॅमिक कोटिंग विकतात आणि सांगतात की हिऱ्याच्या खालोखाल कडक, ओरखडाच पडत नाही. ९एच ही पेन्सिलींच्या शिशाची पट्टी आहे, खनिजांची नाही. पेन्सिलनं ओरखडा पडत नाही इतकाच तिचा अर्थ. क्रश सँडला पेन्सिलशी देणंघेणं नाही. सिरॅमिकचा खरा उपयोग वेगळा: मळ घट्ट चिकटत नाही, पाणी घरंगळतं, म्हणून घासावं कमी लागतं. तेवढ्यासाठी घ्यायचं तर घ्या. खडे उडून रंग उडू नये असं हवं असेल तर संरक्षक फिल्म, ती महाग आहे आणि जाड आहे.

सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी "रबिंग-पॉलिश" घुसवतात, ते मात्र ठामपणे नको म्हणा. रबिंग म्हणजे क्लिअर कोट खरवडून ओरखड्याच्या तळाशी आणणं. एका वेळी काही मायक्रॉन जातात, आणि तुमच्याकडे सगळे मिळून चाळीस-पन्नास आहेत. ते परत येत नाहीत. नुसतं चकचकीत दिसणारं स्वस्त पॉलिश बऱ्याचदा रेघांत तेलकट लेप भरतं, दोन-तीन धुण्यांत रेघा पुन्हा दिसायला लागतात. बफिंग करायचंच असेल तर पाच वर्षांत एकदा, रंगाची जाडी यंत्रानं मोजून दाखवणाऱ्याकडूनच.

मशीन कधी घ्यावं

कोकणातून आल्यावर, लगेच. जांभ्याची लाल माती आणि समुद्राची खारी हवा चार दिवस तशीच ठेवण्यापेक्षा चांगल्या यंत्रावर, खालून पाणी मारणाऱ्या, धुतलेली बरी. काशीदला किंवा दापोलीकडे पुळणीवर गाडी घालणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही, पण घातलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालची बाजू धुवा. पावसाळ्यात घाटातून आलात, आणि घरी धुवायला जागाच नाही, तरी मशीन ठीक. महिन्यातून एक-दोनदा, पायरी तिसरी पाळून.

पक्ष्याची विष्ठा मात्र मशीनची वाट पाहात ठेवू नका. तिच्यातलं आम्ल उन्हात मऊ झालेल्या क्लिअर कोटमध्ये उतरतं आणि एका दुपारीही डाग कायमचा बसू शकतो. ओला टिश्यू दहा मिनिटं वर ठेवा, भिजली की चिमटीत उचला. खरडायची नाही. पिंपळाखाली गाडी लावता तर टिश्यूचा खोका आणि पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात असू द्या.

अजून गाडी हातात आली नसेल तर

नव्या गाडीवरच्या पहिल्या रेघा बहुधा डिलिव्हरीच्या सकाळी पडतात. यार्डातून धुळीनं माखलेली गाडी येते, मुहूर्त अकराचा असतो, आणि साडेदहाला कुणीतरी तिच्यावर घाईघाईनं फडका मारतं. सेल्सच्या माणसाला दोन दिवस आधी मेसेज करून ठेवा: कोरडं पुसू नका, पॉलिश मारू नका, आधी पाण्यानं धुवा, नाहीतर आहे तशी द्या. तो आश्चर्य करेल, पण त्याचं काम वाचतं म्हणून ऐकेल. डिलिव्हरी घेताना सावलीत उभं राहून बॉनेट, टप आणि चारही दारं टॉर्च मारून बघा, आणि सही त्यानंतर करा.

हळदीकुंकवानं स्वस्तिक काढायला हरकत नाही, बोट ओलं ठेवा म्हणजे पावडर घासत नाही. हळद दोन दिवसांच्या उन्हात आपोआप फिकी पडते, ती चोळून काढू नका. झेंडूच्या हाराची तार तेवढी आधी तपासा. आमच्या बॉनेटवर नख अडकेल असा एकच ओरखडा आहे, आणि तो दसऱ्याचा आहे.